मार्को व्हॅन बास्टन अर्धवट राहिला, हे खरं नाही

नेदरलँड्सचा ऐंशी-नव्वदच्या दशकांतला स्ट्रायकर (गोल करणारा आघाडीचा खेळाडू) मार्को व्हॅन बास्टन याचं नाव निघालं की फुटबॉलवेड्यांमध्ये एक ठरावीक मजकूर फिरू लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच असतो. बचावपटूंनी मागून लाथा घालून घालून त्याचा घोटा निकामी केला. १९९३ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात मार्से या फ्रेंच क्लबच्या बासिल बोली या बचावपटूने शेवटचा घाव घातला. अठ्ठाविसाव्या वर्षी खेळ संपला, म्हणजे कारकीर्द अर्धवटच राहिली. लक्षात राहावा असा गोल एकच, १९८८ च्या युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) फायनलमधला, आणि तोही नशिबाने बसलेला. विश्वचषकात भोपळा. बाकीचे गोल त्या काळच्या मिलान या इटालियन क्लबमध्ये कुणीही केले असते. आणि शेवटी सुस्कारा: टिकला असता तर सर्वश्रेष्ठ ठरला असता.

हे पुढे पाठवणारे बहुतेक जण त्याचे चाहतेच असतात, म्हणूनच ते जास्त लागतं. हळहळ व्यक्त करता करता त्याने प्रत्यक्ष जे करून दाखवलं त्यावरच पडदा पडतो, आणि त्याचं पाऊल ज्या कारणांनी गेलं ती कारणंही एका दांडगट बचावपटूच्या मागे लपतात. मला या माणसाचा खेळ मनापासून आवडतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

आधी घोटा, कारण सगळ्यात जास्त चुकीचं याबद्दलच सांगितलं जातं.

पहिली गंभीर दुखापत डिसेंबर १९८६ ची आहे. सामना त्याचा तेव्हाचा क्लब अयाक्स विरुद्ध ग्रोनिंगन, डच लीगमधला. व्हॅन बास्टन तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि आदल्या मोसमात २६ सामन्यांत ३७ गोल करून युरोपातल्या लीगांत सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट घेऊन बसला होता. त्या दिवशी त्याला कुणी मागून पाडलं नव्हतं. टॅकल (पाय घालून चेंडू काढून घेण्याचा प्रयत्न) त्यानेच केला होता, ग्रोनिंगनच्या एडविन ओल्डे रीकरिंकवर, आणि त्या धडकेत घोटा दुखावला तो त्याचा स्वतःचा. ज्या दुखापतीने पुढची सगळी साखळी सुरू झाली, तिच्यात खलनायक शोधायला गेलात तर कुणीच सापडत नाही.

खरी गोष्ट त्यानंतरच्या पाच महिन्यांत आहे. अयाक्स त्या वर्षी कप विनर्स कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत पुढे पुढे सरकत होता आणि प्रशिक्षक होता योहान क्रायफ. घोटा दुखत होता, सूज उतरत नव्हती. व्हॅन बास्टनने स्वतः नंतर सांगितलंय की डॉक्टरांचं मत क्रायफने त्याच्या कानावर घातलं: दुखेल, पण यापेक्षा आणखी बिघडणार नाही. मग दोघांत तोडगा निघाला. सराव कमी करायचा, लीगचे काही सामने सोडून द्यायचे, पण युरोपातले सामने खेळायचे. त्याप्रमाणे तो खेळला. १३ मे १९८७ ला अथेन्सला झालेल्या अंतिम सामन्यात लोकोमोटिव्ह लायपझिगविरुद्ध एकमेव गोल त्याच्याच हेडरचा. चषक आला. घोटा मात्र त्या पाच महिन्यांत गेला.

यात शरीरशास्त्र अगदी साधं आहे. घोट्यातले अस्थिबंध सैल पडले की सांधा जागच्या जागी घट्ट बसत नाही, प्रत्येक वळणाला किंचित सरकतो. सरकला की हाडांच्या टोकांवरची कूर्चा घासली जाते. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे ती झिजली की स्नायूसारखी किंवा हाडासारखी भरून येत नाही. स्ट्रायकरचा खेळ म्हणजे थांबणं, वळणं, पुन्हा उसळी घेणं, आणि हे सगळं त्या एका सांध्यावर. दुखापतीनंतर विश्रांती न घेता असं पाच महिने खेळलं, तर बाहेरून काही दिसत नाही आणि आत झीज चालूच राहते.

मिलानला गेल्यावर पहिल्याच मोसमात, १९८७ च्या अखेरीस, शस्त्रक्रिया करावी लागली. त्या वर्षी तो लीगचे जेमतेम ११ सामने खेळला. म्हणजे इटलीतल्या बचावपटूंच्या हाती तो सापडण्याआधीच घोट्याचं दुखणं जुनं झालं होतं. त्यानंतर चार-साडेचार वर्षं तो ज्या तऱ्हेने खेळला ते पाहता, त्याने त्या पायाशी काय तडजोडी केल्या असतील याची कल्पना करवत नाही. डिसेंबर १९९२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरित्झला पुन्हा शस्त्रक्रिया झाली. त्या शस्त्रक्रियेबद्दल त्याने पुढे उघडपणे कडवटपणा व्यक्त केलाय. ती झाल्यावर काही आठवड्यांत परतायचं होतं, परतायला एप्रिल उजाडला. पूर्ण बरा नसतानाच तो २६ मे १९९३ ला म्युनिकमध्ये मार्सेविरुद्ध उतरला.

आता बोलीबद्दल. त्या दिवशी मार्सेच्या बचावफळीने व्हॅन बास्टनला सोडलं नाही, हे खरं. सामन्यातला एकमेव गोलही बोलीचाच. पण त्या टॅकलने कारकीर्द संपली, असं म्हणायचं तर साडेसहा वर्षांचा इतिहास पुसून टाकावा लागतो: ग्रोनिंगन, अथेन्सपर्यंत रेटत नेलेला पाय, १९८७ ची शस्त्रक्रिया, १९९२ ची शस्त्रक्रिया. अंतिम सामन्यानंतर अँटवर्पला आणखी एक शस्त्रक्रिया झाली. मग पायाभोवती बाहेरून धातूची चौकट बसवून सांधा ताणून धरण्याचा उपाय झाला. कशाचाच उपयोग झाला नाही आणि १७ ऑगस्ट १९९५ ला, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली.

त्या काळातल्या रात्रींबद्दल त्याने सांगितलेली एक गोष्ट मला विसरता येत नाही. रात्री लघवीला जायचं तर पाय टेकवता येत नसे. पलंगावरून उतरून तो हातांवर आणि गुडघ्यांवर रांगत जायचा, वेदनेवरून मन काढावं म्हणून आकडे मोजत. सगळ्यात अवघड असायचा दाराचा उंबरठा, कारण तिथे घोटा जराही न लागता वरून पलीकडे न्यावा लागे. तीन वेळा युरोपचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या माणसाची ही स्थिती. पुढे त्याने घोट्याची हाडं कायमची एकमेकांना जोडून घेतली. सांध्याची हालचाल बंद झाली, तेव्हा कुठे वेदना थांबली.

बचावपटू निर्दोष होते, असं मला म्हणायचं नाही. ऐंशीच्या दशकातल्या इटलीत स्ट्रायकरच्या मागे सावलीसारखा एक माणूस लावायचे. पिएत्रो व्हिएर्कोवोदसारखे, पुढे युर्गन कोहलरसारखे बचावपटू अंगाला अंग लावून नव्वद मिनिटं खेळत. मागून पाय घालण्याला पंच बरेचदा नुसत्या फ्री किकवर सोडून देत. १९९४ च्या विश्वचषकासाठी फिफाने मागून होणाऱ्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्ड द्यायचा आदेश काढला, त्या चर्चेत व्हॅन बास्टनचं उदाहरण लोकांच्या तोंडी होतं, आणि ते रास्तच होतं. त्या लाथांनी आधीच झिजलेल्या सांध्यावर भर घातली. पण भर घालणं वेगळं आणि मूळ कारण असणं वेगळं.

हा फरक मी इतका ताणून धरतो त्यालाही कारण आहे. एका बोलीच्या माथी सगळं मारलं की बावीस वर्षांच्या मुलाला दुखऱ्या पायावर खेळवणारे प्रशिक्षक, 'बिघडणार नाही' असा भरवसा देणारे डॉक्टर, चषकाला आसुसलेला क्लब, आणि नाही म्हणायला तयार नसलेला खुद्द खेळाडू, या सगळ्यांवरचा प्रश्न सुटून जातो. कोल्हापुरात पेठांच्या सामन्यांत किंवा गोव्यातल्या गावच्या स्पर्धांत सुजलेल्या घोट्यावर क्रेप बँडेज आवळून उतरणारी पोरं आजही दिसतात. त्यांना 'बोलीसारख्यांपासून जपा' एवढंच सांगून भागत नाही. त्यांना ग्रोनिंगन ते अथेन्स या पाच महिन्यांची गोष्ट सांगायला हवी.

दुसरा मुद्दा: 'नशिबाने बसलेला एकच गोल'. हे वाचून मला खरोखर राग येतो.

२५ जून १९८८, म्युनिकचं ऑलिंपिक स्टेडियम, सोव्हिएत संघाविरुद्ध अंतिम सामना. ३२ व्या मिनिटाला रुड गुलिटच्या हेडरने नेदरलँड्स १-० ने पुढे. ५४ व्या मिनिटाला मैदानाच्या मध्यावर व्हॅन टिगेलन चेंडू मिळवतो, चार पावलं पुढे येतो आणि डावीकडे आर्नल्ड म्युरनला देतो. म्युरन सदतीस वर्षांचा, राष्ट्रीय संघासाठी शेवटचा सामना खेळतोय. तो चेंडू न थांबवता डाव्या पायाने उंच, लांब, तिरका उचलतो. चेंडू सगळी पेनल्टी बॉक्स ओलांडून उजवीकडे जातो, इतका लांब की पाहणाऱ्याला वाटावं, गेला वाया. तिथे व्हॅन बास्टन आहे. गोलपोस्ट त्याला जवळजवळ कडेने दिसतोय, कोन एवढासा. समोर रिनात दासायेव, त्या काळच्या जगातल्या अव्वल गोलरक्षकांपैकी एक. अशा जागी कुणीही शहाणा माणूस चेंडू छातीवर घेईल, खाली आणेल, कुणी सोबती येतोय का बघेल. व्हॅन बास्टन चेंडू जमिनीवर येऊच देत नाही. वरून खांद्यापाशी उतरणाऱ्या चेंडूवर नजर ठेवून अंग वळवतो आणि उजव्या पायाने हवेतच मारतो. चेंडू दासायेवच्या हातांवरून उंच जातो आणि पलीकडच्या कोपऱ्यात खाली उतरतो. रेषेबाहेर प्रशिक्षक रायनस मिचेल्स तोंडावर हात घेतात. आयुष्यभर फुटबॉल पाहिलेल्या माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसला नव्हता.

नशिबाचा दावा करणारे त्याचंच एक विधान पुरावा म्हणून दाखवतात. तो म्हणाला होता की तेव्हा तो थकला होता. चेंडू थांबवून सगळ्या बचावपटूंना चुकवत बसण्यापेक्षा सरळ मारून बघावं, असा विचार केला आणि ते जमलं. पण या बोलण्यात धोका पत्करल्याची कबुली आहे, अपघाताची नाही. धोका पत्करून मारलेला फटका आणि चुकून लागलेला फटका यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. लांबून येणारा चेंडू मागच्या बाजूने उतरतोय, शरीर आणि चेंडू यांच्या दिशा वेगळ्या आहेत, आणि फटका गोलरक्षकाच्या हातांवरून काढून पुन्हा बारच्या खाली आणायचाय: हे पाय आपोआप करत नाही. एवढं गणित पायाला आधीपासून येत असावं लागतं.

आणि त्याला ते येत होतं, याचे पुरावे आहेत. नोव्हेंबर १९८६ मध्ये, म्हणजे ग्रोनिंगनच्या महिनाभर आधी, डेन बॉशविरुद्ध त्याने ओव्हरहेड किकने, म्हणजे हवेत उलटं होऊन डोक्यावरून मारून, केलेला गोल आजही हॉलंडमध्ये दाखवतात. नोव्हेंबर १९९२ मध्ये गोथेनबर्गविरुद्ध पुन्हा ओव्हरहेड किक, चॅम्पियन्स लीगच्या सामन्यात. सहा वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या देशांत, एकाच माणसाकडून हवेतल्या चेंडूवर असं काही घडतं, तेव्हा त्याला नशीब म्हणत नाहीत.

बरं, 'एकच गोल'? त्याच स्पर्धेत तो पाच गोल करून सर्वाधिक गोल करणारा ठरला. पहिल्या सामन्यात तर संघात त्याची जागाही नव्हती. बारा नंबरची जर्सी, राखीव खेळाडू, सोव्हिएत संघाकडून ०-१ अशी हार झाली तेव्हा नंतर उतरवलेला. पुढचा सामना इंग्लंडशी, ड्युसेलडॉर्फला. गोलकडे पाठ करून चेंडू घेतला, टोनी अॅडम्सला वळणावर मागे टाकलं आणि शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना खेळणाऱ्या गोलरक्षक पीटर शिल्टनला चुकवून मारला. तो पहिला, त्यानंतर आणखी दोन, हॅट्ट्रिक. उपांत्य फेरीत हॅम्बुर्गला पश्चिम जर्मनीशी १-१, ८८ वं मिनिट, वाउटर्सचा पास, कोहलर अंगावर, आणि व्हॅन बास्टनने घसरत जाऊन पाय लांबवून चेंडू दूरच्या पोस्टच्या आत सरकवला. १९७४ ची विश्वचषक फायनल हरल्याची सल उरात घेऊन बसलेल्या हॉलंडसाठी हा गोल अंतिम सामन्यातल्यापेक्षा मोठा आहे, असं मानणारे डच लोक पुष्कळ आहेत. म्युनिकची व्हॉली देखणी आहे, म्हणून तीच वारंवार दिसते. मला विचाराल तर स्ट्रायकर म्हणून तो काय होता हे हॅम्बुर्गच्या गोलात जास्त कळतं.

विश्वचषकाचं खरं आहे, आणि ते मी लपवणार नाही. १९९० मध्ये इटलीत चार सामने, गोल शून्य. इजिप्तशी बरोबरी, इंग्लंडशी बरोबरी, आयर्लंडशी बरोबरी, मग मिलानमध्येच पश्चिम जर्मनीकडून १-२ ने हार. १९९२ च्या युरोमध्येही गोल नाही, आणि उपांत्य फेरीत डेन्मार्कविरुद्धच्या शूटआउटमध्ये पीटर श्मायकलने अडवलेली एकमेव पेनल्टी त्याचीच. पण १९९० चा तो डच संघ आतून दुभंगलेला होता. खेळाडूंना प्रशिक्षक म्हणून क्रायफ हवा होता, संघटनेने लिओ बेनहाकरला नेमलं. स्पर्धेत एकटा व्हॅन बास्टन नाही, सगळाच संघ पाय ओढत खेळला. १९८६ ला हॉलंड पात्रच ठरलं नव्हतं, १९९४ ला तो खेळू शकत नव्हता. म्हणजे विश्वचषकाची कसोटी म्हणून आपण बोलतो ती एका जून महिन्याची आहे.

आपल्याकडे हा मुद्दा जास्त चालतो, त्याचं कारण मला कळतं. भारतात तेव्हा दूरदर्शनवर विश्वचषक दिसायचा, इटलीतली लीग नाही. केबल आली, युरोपातले सामने नियमित दिसू लागले, तोवर त्याचा खेळ संपत आला होता. त्यामुळे आपल्या पिढीतल्या अनेकांनी त्याला थेट पाहिलं ते त्याच्या सगळ्यात वाईट महिन्यात. हा आपल्या टीव्हीचा इतिहास आहे, त्यावरून खेळाडूचं माप काढू नये.

आता 'अर्धवट कारकीर्द'. ३ एप्रिल १९८२ ला, सतरा वर्षांचा असताना, तो अयाक्ससाठी पहिल्यांदा उतरला. बाहेर गेलेला खेळाडू होता खुद्द क्रायफ, आणि त्या सामन्यात पोराने गोल केला. शेवटचा सामना मे १९९३ मध्ये. मध्ये अकरा वर्षं होतात. अयाक्सकडून लीगच्या १३३ सामन्यांत १२८ गोल, लागोपाठ चार वर्षं डच लीगमध्ये सर्वाधिक गोल. मिलानकडून लीगच्या १४७ सामन्यांत ९० गोल. १९८८, १९८९ आणि १९९२ असे तीन बॅलन डी'ऑर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. त्याच्याआधी तीनदा हा मान मिळवणारे दोघेच, क्रायफ आणि प्लाटिनी. दोन युरोपियन कप (चॅम्पियन्स लीगचं आधीचं नाव), हॉलंड आणि इटलीत मिळून सहा लीग विजेतेपदं, आणि देशाला आजवर मिळालेला पुरुषांचा एकमेव मोठा चषक. पस्तिसाव्या वर्षापर्यंत धडधाकट खेळलेल्या किती जणांच्या नावावर एवढं आहे?

कारकीर्द किती वर्षांची होती यावर ती पुरी की अपुरी हे ठरत नाही. फ्रान्सचा ज्युस्त फाँतेन पाय मोडल्यामुळे अठ्ठाविसाव्या वर्षीच थांबला, पण १९५८ च्या एका विश्वचषकातले त्याचे १३ गोल आजतागायत कुणाला गाठता आलेले नाहीत. त्याला कुणी अर्धवट म्हणत नाही. व्हॅन बास्टनच्या वाट्यालाच ही दया का यावी? मला वाटतं, निरोपाच्या दृश्यामुळे. ऑगस्ट १९९५, सान सिरो, गुलाबी शर्ट आणि तपकिरी जॅकेट घातलेला एक देखणा माणूस टाळ्या वाजवत मैदानाला फेरी मारतोय आणि बाकावर मिलानचा प्रशिक्षक फाबियो कापेलोच्या डोळ्यांत पाणी. ते पाहून कुणाचंही काळीज हलतं. पण तो माणूस दोन वर्षांपूर्वीच खेळून मोकळा झाला होता. रडायचं असेल तर त्याच्या वेदनेसाठी रडा. कारकिर्दीची कीव करायचं काही कारण नाही.

'टिकला असता तर सर्वश्रेष्ठ' हेही मला म्हणून पटत नाही. न खेळलेल्या सामन्यांवर कुणाला मोठं करता येत नाही आणि कुणाला लहानही. त्याला त्याची गरजही नाही. १९९२ च्या शरद ऋतूत तो काय खेळत होता बघा. ८ नोव्हेंबरला नेपल्सला जाऊन नापोलीविरुद्ध ५-१ च्या विजयात चार गोल. २५ नोव्हेंबरला गोथेनबर्गविरुद्ध ४-० च्या विजयात चारही गोल त्याचे. चॅम्पियन्स लीग या नावाने स्पर्धा सुरू झाल्यावर एका सामन्यात चार गोल करणारा तो पहिला. त्या मोसमात लीगच्या १५ सामन्यांत १३ गोल. आणि हे सगळं त्याच दुखऱ्या घोट्यावर.

राहिला शेवटचा मुद्दा, 'मिलानमध्ये कुणीही केले असते'. सर्वांत आत्मविश्वासाने हाच सांगितला जातो आणि आकड्यांपुढे हाच सर्वांत लवकर कोसळतो.

आधी त्या लीगचं स्वरूप लक्षात घ्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इटलीत गोल करणं जगात सगळ्यात महाग होतं. १९८७-८८ मध्ये सेरी आ या इटलीच्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा खेळाडू होता दिएगो माराडोना, तीस सामन्यांच्या मोसमात १५ गोलांवर. आदल्या वर्षीचा विजेता १७ वर. अशा लीगमध्ये व्हॅन बास्टनने १९८९-९० मध्ये १९ आणि १९९१-९२ मध्ये २५ गोल केले, आणि दोन्ही वर्षी सर्वाधिक गोलांचा मान घेतला. एका संघात तीनच परदेशी खेळाडू चालत असल्यामुळे जगातले उत्तम बचावपटू इटलीभर वाटले गेले होते, प्रत्येक रविवारी नवा कुणीतरी अंगावर.

त्याच्याभोवतीचा संघ अफाट होता, यात वाद नाही. बारेसी, माल्दिनी, कोस्ताकुर्ता, रायकार्ड, गुलिट, दोनादोनी. चेंडू मिळत होता. १९८९ च्या युरोपियन कप फायनलमध्ये स्टेआवा बुखारेस्टविरुद्ध ४-० झालं, दोन गोल गुलिटचे, दोन याचे. पण मिलानला यायच्या आधी अयाक्समध्ये तो जवळजवळ सामन्यामागे एक गोल करत होता, आणि १९८८ च्या युरोमध्ये मिलानमधला त्याचा सोबती एकटा गुलिट होता, रायकार्ड मिलानला आला तो त्यानंतर. मिलानने त्याला घडवलं असतं तर हे जुळलं नसतं. मिलानचा तेव्हाचा प्रशिक्षक अरिगो साकीशी त्याचं पटत नव्हतं, १९९०-९१ चा मोसम त्याला वाईट गेला, ११ गोलांवर थांबला, आणि त्या वर्षी मिलानच्या हातून लीग गेली. तोच संघ, त्याच जर्सी, फक्त हा एक माणूस रंगात नव्हता.

आता तो रंगात असतानाचं वर्ष आणि तो नसतानाचं वर्ष शेजारी शेजारी ठेवा. १९९१-९२ मध्ये कापेलोचा मिलान लीगमध्ये एकही सामना न हरता विजेता झाला, ३४ सामन्यांत ७४ गोल केले, त्यातले २५ व्हॅन बास्टनचे. १९९३-९४ मध्ये तो संपूर्ण मोसम बाहेर होता. गुलिट आणि रायकार्डही निघून गेले होते, हे मान्य. पण आक्रमणात सावीचेविच होता, बोबान होता, मासारो होता, १९९१ चा बॅलन डी'ऑर विजेता जाँ-पिएर पापाँ होता. मिलानने ती लीगही जिंकली आणि अथेन्सला बार्सिलोनाला ४-० ने हरवून युरोपही जिंकला. लीगमधल्या ३४ सामन्यांत त्यांनी किती गोल केले? ३६. सर्वाधिक गोल मासारोचे, ११. कापेलोने ती लीग काढली ती बचावाच्या बळावर, मोसमभरात अवघे १५ गोल खाऊन. जे गोल 'कुणीही केले असते' असं म्हणतात, ते पुढे एवढ्या नामांकितांपैकी कुणीच केले नाहीत.